गालावर रंग येईपर्यंत

—तिकडची खुर्ची ओढू नका हो ताई, ती एका पायानं अधू आहे, कधी कुणाला दगा देईल सांगता येत नाही — तुम्ही आपल्या ह्या स्टुलावर बसा. गुडघे कपाटाला लागतायत ना? लागणारच, सगळ्यांचे लागतात. ओटा, शेगडी, फ्रिज आणि मी — पाचवं कुणी आत आलं की एकानं बाहेर जायचं, असं हे स्वयंपाकघर. आणि खिडकी उघडली की समोर भिंत. शेजारच्या इमारतीची. हात बाहेर काढला तर टेकतो तिला. एकोणतीस वर्षं मी त्या भिंतीकडे बघत भांडी घासतेय, तिच्यावरचा डाग न् डाग पाठ झालाय मला. असो. काय म्हणत होतात तुम्ही — दवाखान्यातल्या आहाराच्या बाई तुम्ही, डॉक्टरांनी स्वयंपाकघर तपासायला पाठवलंय? बघायला? बरं, बघायला. बघा की. माझ्याकडे झाकायला आहे काय? काही नाही. डबे उघडा, फ्रिज उघडा, कचऱ्याची बादली हवी तर तीही समोर आणून ठेवते. फक्त आवाज जरा बारीक ठेवा, सूनबाई पलीकडच्या खोलीत आहे. झोपलेली नाही, नाही. कपाट आवरतेय. तीन दिवस झाले, कपाटच आवरतेय.

हो हो, मला सगळं ठाऊक आहे, मी होते ना तिच्याबरोबर दवाखान्यात. मुलगा लांब कामावर, दोन-दोन महिन्यांनी येतो, जाताना एवढंच म्हणाला, 'आई, हिला सांभाळ' — मग मीच नाही जाणार तर कोण? तिचं लोह कमी, म्हणून रोज एक गोळी. चार महिने झाले त्याला. आणि त्या गोळ्यांनी पोट बिघडलं — कळा, मळमळ, चार-चार दिवस साफ होत नाही, आणि झालं की काळं, कोळशासारखं. माफ करा हं, खाण्याच्या जागी बसून असलं बोलतेय, पण तुमचं कामच ते, तुम्हाला काय नवल. डॉक्टर म्हणाले, गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, उरतं ते खाली आतड्यात उतरतं, आणि तिथले वाईट जंतू असतात ना, ते त्याच्यावर माजतात. चांगले बिचारे कोपऱ्यात. आतड्याच्या अस्तराची पार आग आग. म्हणून मग ही पावडर दिली — फायबरची. चोथाच की हो, धान्याचा नि सालींचा! माझी आई चाळून फेकून द्यायची, आता तो डब्यात भरून विकतात. तर हा चोथा करतो काय — ते जास्तीचं लोह धरून ठेवतो आणि आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातो. समारंभात एखादं पोर भोकाड पसरतं बघा, मग त्याची मावशी उठते, कडेवर घेते, आणि कुणाला कळू न देता बाहेर नेते — तसं. मी असं म्हटलं तर डॉक्टर एवढे हसले, म्हणाले, 'बाई, उद्यापासून तुम्हीच बसा माझ्या खुर्चीवर.'

वेळा? वेळा तंतोतंत. तो कागद चिकटवलाय फ्रिजला, वाचा. गोळी सकाळी सातला, पावडर दुपारी चारला, मोठा पेला भरून पाण्यातून. दोन्ही एकत्र द्यायचं नाही, नाहीतर पावडर कामाचं लोहसुद्धा उचलून नेते — हे मला कुणी दोनदा सांगायला लागलं नाही. चार म्हणजे चार. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, ते धरून चार. तरी गुण येईना. मग डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस गोळी अजिबात बंद करून बघू, नुसती पावडर द्या. काळं थांबलं तर गोळीचं, नाही थांबलं तर आत कुठेतरी रक्त जातंय. आता मला सांगा — जिच्या अंगात मुळात नाही तिची गोळी बंद! पंधरा दिवस! आणि वर ती पावडर चालूच, ती तर येईल ते धरून धरून नेणार, तिला काय कळतंय कुठलं जास्तीचं आणि कुठलं माझं—

माझं म्हणजे आमचं. घरचं. पालेभाजीतलं, मसुरातलं. तुम्ही काय लिहिताय? बरं, लिहा.

तर नाही थांबलं. पंधरा दिवस गोळी नाही आणि काळं ते काळंच, उलट जास्त. मग तपासणी. रक्त सापडलं नाही म्हणतात, पण काळं तर आहे, मग काळं कशानं? डॉक्टर म्हणाले, कधी कधी रक्त तपासणीत हुलकावणी देतं, आत दुर्बीण घालूनच बघू. परवा, सकाळी नऊला. आणि त्याआधी त्यांनी तुम्हाला धाडलं, म्हणजे घरात कुठून लोह येतंय का, पाण्यातून, भांड्यातून — हो ना? चांगलं केलं. चांगला माणूस आहे तो. पण ताई, एक गोष्ट त्या कागदावर नसेल, ती मी सांगते. सूनबाईचे वडील आतड्याच्या दुखण्यानं गेले. असंच काळं जायचं त्यांना. ती तेव्हा अकरावीत होती, आई आधीच गेलेली, सगळं तिनंच केलं — चादरी तिनंच धुतल्या. त्यामुळे डॉक्टर जेव्हा 'रक्त' म्हणाले ना, तेव्हा तिनं काहीसुद्धा विचारलं नाही. नुसती मान हलवली. जणू पत्र येणार हे माहीत होतं आणि आलं. घरी आली आणि तेव्हापासून कपाट. मी म्हटलं, 'अगं, काय करतेस?' तर म्हणते, 'काही नाही आई, जुनं काढतेय.' जुनं कसलं! नवे कपडे, घड्या घालून, वर चिठ्ठ्या. हे मावसबहिणीला, हे खालच्या शिवणवाल्या बाईंना. एका शालीवर लिहिलंय 'आई'. म्हणजे मी. तिची शाल, मला.

सव्वीस वर्षांची आहे हो.

घ्या ना चहा. साखर? तुमच्यात घातलीय. मी बिनसाखरेचा घेते. नाही, मधुमेह नाही — नवस आहे. हसू नका, तुम्हाला जुनाट वाटेल, पण माझं आयुष्य असंच गेलंय. मुलाला कांजिण्या आल्या, मी चप्पल सोडली. ह्यांची नोकरी गेली, मी गुरुवारी बोलणं सोडलं — हे म्हणाले, 'तो नवस जन्मभर ठेव.' आणि आता सूनबाई आल्यापासून गोड बंद. तिच्या गालावर रंग येईपर्यंत गोड खायचं नाही. लग्नात फोटोवाला म्हणाला होता, 'नवरीला जरा पावडर कमी लावा', आणि तिला काही लावलेलंच नव्हतं! तिथेच माझ्या काळजात चर्र झालं. नवस एवढाच नाही, त्याला एक अट आहे — आमच्या घरातली रीतच ती, माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली: दुसऱ्यासाठी जे करायचं ते बोलायचं नाही. बोललं की त्यातला अर्थ गेला. फळ यायच्या आत तोंडातून निघालं की उलटतं. म्हणून आम्ही कुणी काही सांगत नाही. ह्यांनी एकदा माझ्यासाठी बारा मैल चालून औषध आणलं, मला ते सहा वर्षांनी औषधवाल्याकडून कळलं! असं घर आहे आमचं. सगळे एकमेकांसाठी मरतात आणि कुणाला पत्ता नसतो.

पाणी? पाण्याची टाकी ही. वरचं झाकण काढून बघायचंय? बघा, मी कधी बघत नाही, पाणी भरायचं काम ह्यांचं, रोज सकाळी हेच भरतात, माझा हात पोचत नाही. स्टुलावर चढा, मी धरते. सांभाळून. काय आहे? तळाशी? दोरा? कसला दोरा — ओढा, ओढा वर — अगबाई! नट! हा एवढा मोठा नट! टाकीत!

हे ह्यांचं काम. दुसऱ्या कुणाचं नाही. तेहेतीस वर्षं यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात काढली, घरात दुसरं काय येणार? डॉक्टर म्हणाले असतील लोह, ह्यांनी लोखंड आणलं! आणि दोरा बघा, नीट गाठ मारलेला, माझ्या शिवणाच्या डब्यातला. म्हणजे तेसुद्धा — गुपचूप — हे बघा, माणूस असा आहे, समोर बसून सूनबाईशी दोन शब्द बोलणार नाही, पेपर तोंडासमोर, आणि टाकीत नट! आता बागेत बसले असतील त्या बाकावर, वाटलं तरी असेल का त्यांना की इथे पंचनामा चाललाय —

पण ताई, मग सापडलंच की! हेच ते! ह्यातूनच उतरत असणार लोह, महिना-दीड महिना, रोज पाण्यातून — लिहा, लिहा, 'पाण्याच्या टाकीत नट सापडला', आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा, म्हणावं दुर्बीण रद्द. मी ह्यांना काही बोलणार नाही, सूनबाईला पण सांगू, मामंजींचा वेडेपणा, ती हसेल. कितीतरी दिवसांत हसली नाहीये. करा ना फोन. काय बघताय उलटासुलटा करून?

स्टेनलेस?

म्हणजे गंजतच नाही? काही उतरतच नाही त्यातून पाण्यात? — तेहेतीस वर्षं कारखान्यात काढली आणि आणलान् तो स्टेनलेस! हसू येतंय मला, खरंच हसू येतंय, डोळ्यांत पाणी आलंय ते त्याचंच. स्वच्छ दिसला असेल, म्हणून निवडला असेल. सूनबाईला द्यायचा तर चकचकीत द्यावा.

म्हणजे नट नाही.

नाही, काही नाही, बसले जरा. गरम होतं इथे, वारा येत नाही ना भिंतीमुळे. विचारा तुम्ही. हो, फ्रिज उघडा. ते पालक. ते बीट. तो डाळिंबाचा रस, रोज ताजा काढते, अकरा वाजता एक पेला तिला. स्ट्रॉ? ते स्ट्रॉचं पाकीट — हो, रसासाठीच. तिचे दात आंबतात. म्हणजे तसं तक्रार नाही तिची, पण आंबले तर. मीच म्हटलं, नळीनं पी, दातांना लागायला नको. लागलं तर काय होतं? काय व्हायचंय, डाळिंब आहे, डाग पडतात. डाळिंबाचे पडत नाहीत? पडत नसतील. वेलची? वेलची वासाला. डाळिंबाच्या रसात कुणी घालत नाही म्हणता? आम्ही घालतो. मी घालते. ताई, तुम्ही अशा माझ्याकडे का बघताय? तुमच्यासारखी नजर शाळेत आमच्या एका बाईंची होती, त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या, आणि आपणच बोलत सुटायचो —

मला एक थोरली बहीण होती. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. ती अशीच. कागदासारखी. जिना चढली की कठड्याला धरून उभी. सगळे म्हणायचे, आळशी आहे, कामाला नको. तिलाही डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि माझ्या आईनं मला सांगितलं होतं, 'तू लक्ष ठेव, घेते का बघ.' मी बारा वर्षांची. मी रोज विचारायची, 'ताई, घेतलीस?' ती म्हणायची, 'घेतली.' झालं माझं लक्ष! कपडे वाळत घालताना गच्चीवर पडली ती. दोरीवर अर्धे कपडे, अर्धे बादलीत. दवाखान्यात नेईपर्यंत — असो. पुढे आठवड्यानं मी तिच्या झाडाला पाणी घालत होते, तिनं खिडकीत एक कुंडी ठेवली होती, तर माती उकरल्यासारखी दिसली. बोट घातलं. गोळ्या. विरघळलेल्या, अर्ध्या, अख्ख्या, सगळ्या कुंडीत. तिलाही पोटात दुखत असणार हो त्यांनी. बोलली नाही. आमच्या घरात कुठे कोण बोलतंय.

आणि दीड महिन्यापूर्वी मी बघितलं — ह्याच ओट्याशी उभी राहून मी बघितलं — सूनबाईनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, वळली, आणि हातरुमालात काढून कचऱ्यात टाकली. मी विचारलं, 'घेतलीस?' म्हणाली, 'हो आई, घेतली.' तोच शब्द, तेच हसणं. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? ओरडायचं? सासूनं ओरडलेलं कुणाला लागू पडतं? मुलाला सांगायचं? तो तिकडून फोनवर रागावला असता, ती रडली असती, आणि मग नीट लपवून टाकली असती. नाही. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, हिला मी माझ्या हातानं वाचवीन आणि कुणाला सांगणार नाही. मला स्वतःला मागे डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं होतं, पातळ, बाटलीतलं — त्याच्या दोन बाटल्या आणल्या. आंबटाबरोबर लोह चांगलं भिनतं, हे दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेलं वाचलं होतं मी. म्हणून डाळिंब. रंगही झाकतो. वास असतो जरा, गंजलेल्या खिळ्यासारखा, त्याला वेलची. आणि दात काळे पडतात त्या औषधानं, म्हणून नळी. एक चमचा, बस्स. अंगी लागेल तेवढं लागेल. पण मग ती पावडर आली ना, चोथ्याची, आणि डॉक्टर म्हणाले ती लोह धरून नेते — मी म्हटलं, अरे देवा, मी एका दारानं आणायचं आणि हिनं दुसऱ्या दारानं न्यायचं! म्हणून दोन चमचे केले. पावडरीला तिचा वाटा द्यायचा आणि वर सूनबाईला उरलं पाहिजे. आणि गोळी बंद केली त्या पंधरा दिवसांत तर तीन —

काय म्हणाले मी?

नाही. नाही, ताई, ते लिहू नका. पेन खाली ठेवा. मी तुम्हाला बहिणीचं सांगत होते. बहिणीचंच सांगत होते फक्त.

बाई गं. माझ्या तोंडानं मी बोलले. माझ्या कानांनी ऐकलं.

थांबा, मला जोडू दे. म्हणजे गोळी बंद असताना काळं थांबलं नाही, ते — ते रक्त नव्हतंच. ते तीन चमचे. पावडर आपलं काम करत होती, बिचारी ओझं वाहून नेत होती, आणि मी मागून वाढवत होते. तिला कळा यायला लागल्या की मी रस द्यायचे — 'पी बाळा, ताकद येईल' — आणि ती प्यायची. एकदा तर म्हणाली, 'आई, आज नको, पोटात ढवळतंय', आणि मी शेजारी बसून, डोक्यावरून हात फिरवत, तळापर्यंत प्यायला लावला. मला वाटलंच नव्हतं असं म्हणत नाही मी. वाटलं होतं. डॉक्टर 'रक्त' म्हणाले तेव्हाच आत कुठेतरी लख्ख वाटलं होतं. पण बोलायचं कसं? बोलले तर नवस मोडतो आणि तिच्यावर उलटतो, नाही बोलले तर तिच्या पोटात दुर्बीण. तीन दिवस मी ह्या ओट्यापासून त्या दारापर्यंत जातेय आणि परत येतेय. सहा पावलं आहेत. दारापाशी गेले की आतून चिठ्ठ्यांसाठी कागद फाडल्याचा आवाज येतो, आणि मी तशीच मागे फिरते. आज सकाळी रस काढला, चमचा हातात घेतला, आणि परत ठेवून दिला. घातलं नाही काही. पहिल्यांदाच नाही घातलं. पेला नेऊन दिला तर म्हणते कशी, 'आई, आज रस छान लागला.'

विष आहे का हो ते? मला खरं सांगा. फार झालं का? बंद केलं की निवळेल ना? आठवडाभरात? पावडर चालूच ठेवायची — राहिलेलं ती काढून नेईल — हो? मग रक्ताची तपासणी परत, आणि लोह कसं द्यायचं ते नव्यानं ठरवायचं, कमी, सोसेल तेवढं. देव तुमचं भलं करो. म्हणजे तिला वडिलांचं ते काही — तसं दिसत नाही ना? डॉक्टरच ठरवतील, बरोबर, तुम्ही कशाला शब्द द्याल. पण तुमच्या चेहऱ्यावर दिसलं मला. दिसलं ते पुरे.

नवसाचं मी बघून घेईन. मोडला तो, मोडलाच. तुमच्यासमोर स्टुलापाशी मोडला. म्हणेन देवाला, तूच असली अट ऐकून घ्यायला नको होतीस, मला बाईला अक्कल नव्हती, तुला तर होती. आणि तुला तिच्या गालावर रंगच बघायचा होता ना? आज रागानं लाल होईल, तो धर हिशेबात.

काय म्हणता? तुम्ही सांगाल तिला? नुसतं एवढंच, की 'खाण्यातून लोह जास्त जात होतं, आता बंद केलंय, घाबरू नका' — कुणी, कसं, काही नाही? खोटंही नाही ते. दुर्बीण टळेल. ती उठेल, सगळ्या चिठ्ठ्या फेकून देईल, माझ्या गळ्यात पडून म्हणेल, 'बघा आई, काहीच नव्हतं.' किती सोपं आहे. ताई, तुम्ही फार मायाळू आहात, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आणि मग? मग उद्या मी ताट वाढीन आणि ती जेवेल. परवा जेवेल. मी दिलेलं काय आहे हे न विचारता जेवेल, आणि मला दर घासाला वाटेल, आता विचारेल, आता विचारेल. ती विचारणार नाही. तिला आई नाही, दुसऱ्या कुणी हातानं भरवलेलं नाही, म्हणून ती विचारणार नाही. आणि मी ह्या भिंतीकडे बघत भांडी घाशीन, अजून वीस वर्षं. नाही हो. तुम्ही नका सांगू. ती मला आई म्हणायची बंद झाली तर होऊ दे. माहेरी जायला तिला माहेर नाही, त्यामुळे ती जाणार नाही, आणि तेच वाईट आहे — माझ्यावर विश्वास नसताना तिला ह्याच घरात राहावं लागेल, माझ्याच हातचं खावं लागेल. मग शिकवीन तिला. रस तिनंच काढायचा, गोळी तिनंच घ्यायची, नको तेव्हा नको म्हणायचं, आणि दुखतंय तर दुखतंय म्हणून ओरडायचं. आम्हाला कुणी शिकवलंच नाही ते.

निघा तुम्ही आता. डॉक्टरांना फोन करा, नट लिहा, चमचे लिहा, माझं नाव लिहा, सगळं लिहा. नाही, पाठीवर हात नका ठेवू, मी आत्ता मऊ झाले तर संपलंच. जिन्यातही थांबू नका, खरंच जा.

—सूनबाई! अगं, जरा बाहेर येतेस? नाही, कुणी नाही, गेल्या त्या. मी एकटीच आहे. ते राहू दे हातातलं, तिथेच ठेव. ये. स्टुलावर बस. अशी बघू नकोस, वाईट नाही काही — म्हणजे आहे, पण ते तुझ्यात नाही. तुझ्या वडिलांसारखं तुला काही झालेलं नाही. ऐकलंस? श्वास घे. अजून एकदा घे. आता मी सांगते ते शेवटपर्यंत ऐक, आणि मधे आई म्हणू नकोस बाळा, नाहीतर मला जमायचं नाही. मी—